रोप विकत, कीड सप्रेम भेट

मिरगाची पहिली सर आली की चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरीत झाडांची गाडी येते. ज्या तालुक्यात साग, ऐन, मोह आणि बांबू रस्त्याच्या कडेला ताटकळत उभे असतात, तिथे माणसं गाडीभोवती घोळका करून क्रोटॉन विकत घेतात. मागच्या आवारातला पळस फुकटचा. त्याला कुंडी नाही, म्हणून इज्जत नाही.

“पान पाहा ना ताई, कसं चमकून रायलं!” गाडीवाला म्हणतो. ताई पान पाहतात. वरून. याच घरातली माणसं बैलबाजारात गेली की दात मोजतात, शेपूट उचलतात, चार पावलं चालवून बघतात. झाडाच्या बाबतीत मात्र तेलपाणी केलेल्या चकाकीवर सौदा पक्का. दोनशे म्हणाला, दीडशेला दिलं, आपण जिंकलो.

काही दिवसांनी पानाच्या बेचक्यात कापूस दिसतो. कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यात कापूस दिसला तर संशय कुणाला येणार? बोटाने पुसा. पांढरं पीठ निघतं आणि खाली फिकट गुलाबी, मऊ, लंबगोल अंग हलतं. हा पिठ्या ढेकूण. सोंड देठात खुपसून रस पितो आणि मागून साखरपाणी सोडतो. ते चाटायला मुंग्या येतात, चाटता चाटता त्याची राखणही करतात. एकेक मादी कापसाच्या पिशवीत शेकडो अंडी घालते. घरात मात्र चर्चा अशी की कुंडीवर मुंग्यांची रांग लागली, लक्ष्मण रेखा खडू आणा. चोराला सोडून चौकीदाराला मार!

गंमत अशी की याच घरच्या वावरात कपाशी असते. मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी ही नावं घरातल्या शेंबड्या पोराला पाठ. पानामागे दोन-तीन तुडतुडे दिसले म्हणजे फवारणीची वेळ झाली, हे बाबा झोपेतही सांगतील. वावरात दर पान उलटून पाहणारा हा माणूस हॉलमध्ये आला की सोफ्यावर बसून लांबूनच मनी प्लांटचं कौतुक करतो.

ही रोपं येतात कुठून? बरीचशी खालून, आंध्रातून. राजमहेंद्रीजवळचं कडियम हे नर्सऱ्यांचं मोठं गाव. आपल्याकडचं पाणी वर्धा-वैनगंगेतून प्राणहितेत जातं, प्राणहिता सिरोंच्यापाशी गोदावरीला मिळते आणि गोदावरी राजमहेंद्रीला पोचते. म्हणजे पाणी आपण खाली पाठवायचं आणि त्यावर वाढलेलं रोप भाडं भरून वर आणायचं. कीड तिथलीच असते असंही नाही. मधल्या मुक्कामांत कुंडीला कुंडी खेटते, ओळखीपाळखी होतात.

पण न तपासता आत घेण्याची खोड फक्त आपलीच नाही. १७९५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने लाल रंगासाठी ब्राझीलहून कोचिनील किडा आणवला, पिठ्या ढेकणाचाच नातेवाईक. आला तो भलत्याच जातीचा. रंग धड मिळाला नाही, निवडुंग मात्र त्याने फस्त केला. १८०९ मध्ये शोभेचं झुडूप म्हणून कलकत्त्याच्या बागेत लॅन्टाना लावली. ती आपली रायमुनिया आता जंगलात वाघाला वाट देत नाही. २००८ मध्ये कोइम्बतूरला पपईवरचा परदेशी पिठ्या ढेकूण सापडला. तो इतका माजला की २०१० मध्ये त्याला मारायला थेट पोर्टो रिकोहून इवल्याशा गांधीलमाश्या मागवाव्या लागल्या. त्यांनी काम चोख केलं. परदेशी रोपं तपासायला देशात १९१४ चा कायदा आहे, २००३ चा आदेश आहे, बंदरावर अधिकारी आहेत. गोंडपिपरीच्या उंबरठ्यावर मात्र ताईच अधिकारी, आणि ताईंनी कुंडी टीव्हीशेजारी ठेवून फोटोही टाकलेला असतो.

खरं तर उंबरठ्यावरचं काम फारसं अवघड नाही. नवं रोप तीन आठवडे मागच्या ओसरीत, बाकीच्या कुंड्यांपासून लांब. मोबाइलची बॅटरी लावून पानाची खालची बाजू आणि बेचकी पाहायची. जमलं तर कुंडीतून गोळा काढून मुळंही, कारण काही पिठ्ये तिथेच मुक्काम करतात. दिसले तर दवाखान्यात सुई टोचण्याआधी लावतात ते स्पिरिट कापसाच्या बोळ्यावर घेऊन एकेकाला टिपायचं. मग निंबोळीची भुकटी, लिटरला पन्नास ग्रॅम, रात्रभर भिजवून गाळायची, थोडा साबण घालून पानाच्या पाठीवर फवारायची. आधी एका पानावर करून पाहा, आणि दर आठवड्याला पुन्हा करा. अंड्यांना पहिल्या फवाऱ्याचं काही वाटत नाही.

पण एवढा धीर कुणाला? बाबा कपाशीची उरलेली बाटली काढतात. “एक झाकण मारून देतो, पाय तू!” शेजारच्या यवतमाळात २०१७ साली उघड्या वावरात फवारताना शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. तसलंच औषध बंद हॉलमध्ये, खाली नातू रांगतोय, वर पंखा फिरतोय. आणि पानांचा रस शोषणारा लाल कोळी असला तर सगळंच मुसळ केरात. त्याला आठ पाय, तो कीटकच नाही. कीटकनाशकाने त्याला खाणारेच आधी मरतात आणि चंद्रपुरी उन्हाळ्यात तो आणखी जोमाने वाढतो. त्याला पानाखालून पाण्याचा जोरदार फवारा पुरे.

या पिठ्याची चुलत भावंडं आपल्याच जंगलात पळसावर, कुसुमावर बसून लाख बनवतात. तिला भाव मिळतो. कोशाचा किडा ऐनावर वाढतो, त्याचं रेशीम होतं. घरात येऊन फुकट खाणारा तेवढा आपण पैसे मोजून आणतो.

आता तर सत्कारातही शाल-श्रीफळाबरोबर रोप देतात. पर्यावरणपूरक! मंचावर साहेब रोप घेतात, फोटो होतो, रोप शिपायाकडे, शिपायाकडून गाडीत. पिठ्या ढेकूण सरकारी वाहनाने जिल्ह्याच्या ठिकाणी पोचतो. पुढच्या आठवड्यात साहेब तेच रोप वरच्या साहेबांना देतात. त्यांच्या बंगल्यावर चाळीस कुंड्या आहेत आणि माळी सुट्टीवर आहे.