सागरी महामार्गा, जरा लांबून जा!

सायकल घेऊन श्रीवर्धनला उतरलात, तर पहाटे उठा आणि उत्तरेला निघा. दिवेआगरहून श्रीवर्धनला येऊ नका, श्रीवर्धनहून दिवेआगरला जा. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो आणि उत्तरेकडे तोंड केलं की समुद्र डाव्या हाताला येतो. तुमच्या आणि अरबी समुद्राच्या मध्ये मग एकही गाडी येत नाही. ऊन वर येईपर्यंत पूर्वेच्या डोंगराची सावली रस्त्यावर असते. थंडीच्या दिवसांत दुपारी वायव्येकडून खारे वारे सुटतात, ते परतताना पाठीशी लागतात. इतकं सगळं एकाच रस्त्यावर जुळून येतं, म्हणून ठामपणे सांगतो: महाराष्ट्रात सायकलसाठी याच्याइतका देखणा डांबरी रस्ता मी पाहिलेला नाही.

अंतर वीस-पंचवीस किलोमीटर. आरावी, कोंडविल, शेखाडी, भरडखोल अशी गावं ओळीने लागतात. रस्ता डोंगराच्या पायथ्याशी अंग चोरून धावतो, मध्येच एखाद्या सुळक्याला वळसा घालायला वर चढतो आणि वळण संपताच पुन्हा पाण्याच्या पातळीवर येतो. चढ छोटे आहेत, पण खोटे नाहीत; खालचा गिअर लागतो. माथ्यावर पुढचा किनारा एकदम उघडतो आणि पाय आपोआप थांबतात. शेखाडीजवळ तर रस्ता आणि लाटा शेजारी-शेजारी चालतात. पावसाळ्यात खवळलेल्या समुद्राचे तुषार थेट डांबरावर येतात. भरडखोल जवळ आलं की आधी वास येतो, मग वाळत घातलेली मासळी दिसते, मग होड्या. हा वास नको असलेल्यांनी या रस्त्याला येऊच नये. तो इथल्या लोकांच्या पोटापाण्याचा वास आहे.

शेखाडी हे नाव अनेकांनी पहिल्यांदा वाचलं ते वर्तमानपत्रात. १९९३ च्या फेब्रुवारीत या किनाऱ्यावर स्फोटकं उतरली आणि मार्चमध्ये मुंबई हादरली. त्या एका कृत्याचा डाग गावाच्या नावावर कितीतरी वर्षं राहिला. आज हेच नाव लोक रस्त्यासाठी घेतात, समुद्रासाठी घेतात. गावाने हे नाव परत मिळवलं आहे, आणि त्यात या अरुंद रस्त्याचा वाटा मोठा आहे.

आता या रस्त्याच्या डोक्यावर काय येऊ घातलं आहे ते बोलू.

रेवस ते रेडी सागरी महामार्ग. कल्पना जुनी, मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळापासूनची. लांबी सुमारे ५०० किलोमीटर. खाड्यांवर मोठे पूल, जागोजागी रुंदीकरण. पुलांना माझा विरोध नाही, हे आधीच स्पष्ट करतो. बाणकोटच्या बाईला बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्यावर फेरीबोटीच्या वेळेची वाट पाहायला लावणं ही क्रूरता आहे. कॉलेजच्या पोरांना, मासळीच्या टेम्पोंना, आजाऱ्यांना पूल हवेत आणि ते लवकर हवेत. बाणकोटच्या खाडीत अर्धवट पुलाचे खांब वर्षानुवर्षं उभे राहिले. त्याची लाज ज्यांना वाटायला हवी, त्यांना ती वाटली पाहिजे.

पण पूल वेगळे आणि शेखाडीचा काठ वेगळा. तिथे रुंदीकरण करायचं म्हणजे एका बाजूने डोंगर कापायचा किंवा दुसऱ्या बाजूने समुद्रात भराव घालायचा. तिसरी जागाच नाही. कोकणातला डोंगर कापला की पहिल्या मोठ्या पावसात दरड खाली येते. समुद्रात भराव टाकला की लाटा तो पुढच्या गावाच्या पुळणीवर वसूल करतात. हे कळायला अभियंता असावं लागत नाही, दोन पावसाळे इथे काढावे लागतात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर चढलं. श्रीवर्धन-दिवेआगरच्या सुपारीच्या बागा एका दिवसात आडव्या झाल्या. सुपारीचं रोप धरायला लागेपर्यंत पाच-सात वर्षं जातात. अशा किनाऱ्याशी अरेरावी करायची नसते.

आणि रुंद रस्ता कोणासाठी? जोडून सुट्टी आली की आजही इथे चारचाकींची रीघ लागते. वळणावर हॉर्न, कठड्यावर बाटल्या, सकाळी रस्त्यावर काचा. पंक्चर होतं ते सायकलवाल्याचं आणि शाळेला निघालेल्या मुलाचं. याच रस्त्यावर शंभरच्या वेगाला परवानगी मिळाली, तर आरावीतली म्हातारी रस्ता ओलांडून वाडीत कशी जाणार? दिवेआगरला दहा मिनिटं लवकर पोचून पर्यटक करणार तरी काय? लोक इथे ज्यासाठी येतात, तेच आपण त्यांना लवकर पोचवण्यासाठी मोडणार.

दक्षिणेचा रस्ता वेगळ्या कारणाने जपायचा. श्रीवर्धनहून हरिहरेश्वर अठरा-वीस किलोमीटर, मध्ये डोंगर चढून उतरायचा. तिथे देवळामागची प्रदक्षिणेची वाट ओहोटीलाच करता येते, तेव्हा भरतीची वेळ विचारून निघा. पुढे बागमांडल्याला जंगलजेटी, म्हणजे गाड्या नेणारी फेरीबोट. सायकल बोटीत उभी करायची, सावित्री नदीची खाडी ओलांडायची आणि पलीकडे वेसवीला रत्नागिरी जिल्ह्यात उतरायचं. वेसवी ते बाणकोट रस्ता खाडीला धरून जातो, उजव्या हाताला पाणी, चढ जवळपास नाही. वर बाणकोटचा किल्ला. इंग्रजांनी तो घेतला आणि त्याला फोर्ट व्हिक्टोरिया हे नाव दिलं. तिथून पुढे वेळास. फेब्रुवारी ते एप्रिल गेलात तर कासवांची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसतील. अंडी राखणारं गाव म्हणून वेळासने नाव कमावलं आहे.

श्रीवर्धन हे बाळाजी विश्वनाथ भटांचं गाव. १७१३ मध्ये शाहू महाराजांनी त्यांना पेशवेपद दिलं. वेळास हे भानूंचं, म्हणजे नाना फडणवीसांच्या घराण्याचं गाव. जंजिऱ्याच्या सिद्दीच्या जाचामुळे भटांना हा मुलूख सोडावा लागला, तेव्हा भानू त्यांच्यासोबत घाटावर गेले. पेशवाईचा पहिला आधार आणि तिचा शेवटचा मोठा मुत्सद्दी खाडीच्या या दोन काठांवरच्या घरांतून आला. हे अंतर सायकलने एका सकाळचं आहे. शाळांनी मुलांना सहलीला कुठे न्यायचं हे शोधत बसू नये. वरच्या वर्गातली मुलं शिक्षकांबरोबर सायकलवर इथे न्यावीत. पुस्तकातला धडा त्यांच्या पायांत उतरेल.

श्रीवर्धनला येणारा तिसरा रस्ता म्हसळ्याच्या घाटाचा. माणगावला कोकण रेल्वेने उतरून येणाऱ्यांना तो लागतोच. झाडी चांगली आहे, पण एसटी, मिनीडोर आणि ट्रक यांची वर्दळही आहे. पहाटे गाठा, एवढंच.

तर मागणं काय? जड आणि वेगाची वाहतूक आतल्या बाजूने काढा. आरावी ते भरडखोल हा काठ आहे त्याच रुंदीचा ठेवा. तिथे वेगाची मर्यादा ताशी ३० ठरवा आणि ती पाळली जाते का, ते सुट्टीच्या दिवशी उभं राहून पाहा. खड्डे वेळेवर बुजवा, साइडपट्टी भरा, वळणांवर आरसे लावा. पूल झाले तरी बागमांडल्याची आणि दिघी-आगरदांड्याची फेरीबोट बंद करू नका. मोठ्या पुलावर सायकलला आणि पायी चालणाऱ्याला वेगळी पट्टी द्या. ती आराखड्यात आत्ता आली नाही तर नंतर येणार नाही.

श्रीवर्धन नगर परिषदेने आणि या काठावरच्या ग्रामपंचायतींनी तसे ठराव आत्ता करावेत, खडी पडायची वाट पाहू नये. आणि मुंबई-पुण्याच्या सायकल क्लबांनो, तुम्ही दर हिवाळ्यात इथे येता, फोटो काढता, सुरमईचं ताट जेवता आणि परत जाता. या वेळी ग्रामपंचायतीच्या दारातही थांबा आणि त्या ठरावाच्या पाठिंब्याचं पत्र, प्रत्येकाच्या सहीनिशी, सरपंचांच्या हातात द्या.