ॲमस्टेलवीनकर

मूळ आडनाव काहीही असो, ॲम्स्टरडॅमला खेटून असलेल्या ॲमस्टेलवीनमध्ये दोन हिवाळे काढले की मराठी जोडपं ॲमस्टेलवीनकर होतं. दोघंही आयटीत. घर भाड्याचं, जिना शिडीसारखा उभा, आणि त्या जिन्यावरून चढवलेला इडलीपात्रासकट सगळा संसार.

पहिले काही महिने दोघं माणसांत नसतात. कॉफी चार युरो म्हणजे चारशे रुपये, हा हिशेब मनात झाल्याशिवाय ती कपाला हात लावत नाही. समोरून वारा, वरून पाऊस अशा अवस्थेत सायकल हाणताना त्याला सिंहगड रोडवरच्या ट्रॅफिकबद्दलही माया वाटू लागते. मग एके दिवशी अल्बर्ट हाइनच्या दुकानातून ती ‘कार्नेमेल्क’ नावाचं एक खोकं उचलून आणते, घोटभर चाखते आणि स्वयंपाकघरातून ओरडते, “अरे, हे तर ताक आहे!” त्या रात्री कढी होते. ॲमस्टेलवीनकरांचा जीव परदेशात रमला तो त्या रात्री.

रमला म्हणजे बाहेर पडायला मोकळा झाला. रेसिडेन्स कार्ड हातात आल्यामुळे शेंगेनचे 29 देश व्हिसाविना खुले असतात, आणि खुलं असलेलं न वापरणं त्याच्या रक्तातच नाही. तो एक्सेल शीट उघडतो. देश, विमान, मुक्काम, सुट्टी जोडून येते का, आणि शेवटचा रकाना : ‘व्हेज मिळतं?’ झालेला देश हिरवा. इथे देश बघत नाहीत, तो ‘होतो’. इटली झाली. ऑस्ट्रिया झाला. व्हॅटिकन रांगेत उभं राहूनच झालं. पोर्तुगाल फक्त विमान बदलताना झाला, म्हणून फिकट हिरवा.

“तो धरायचा नाही,” ती म्हणते.

“अगं, विमानतळावर पेस्ट्री खाल्ली ना आपण!”

“मग अर्धा धर.”

स्वित्झर्लंड मात्र मुद्दाम पांढरा ठेवलेला असतो. ते ‘आईबाबा आले की’ करायचं असतं. आईबाबा एप्रिलमध्येच यायला हवेत, कारण क्युकेनहॉफची ट्युलिपची बाग वर्षातून जेमतेम आठ आठवडे उघडी असते. मग बाग, पॅरिस, स्वित्झर्लंड, बर्फ. बाबांचे गुडघे तिसऱ्या दिवशी संप पुकारतात. पण बाबांच्या व्हिसाचे 90 दिवस वाया घालवायचे नसतात, त्यामुळे शीट पुढे सरकत राहते. आईने बॅगेतून आणलेली भाजणी मात्र झुरिकच्या भाड्याच्या स्वयंपाकघरात तिन्ही त्रिकाळ थापली जाते. ‘व्हेज मिळतं?’ या रकान्याचं ते कायमचं उत्तर.

लक्झेंबर्गवर त्याचा विशेष जीव. तिथे 2020 पासून बस, ट्राम आणि रेल्वेचा दुसरा वर्ग सगळ्यांना फुकट आहे. पुण्यात वाढलेल्या माणसाला याहून मोठं प्रेक्षणीय स्थळ कोणतं? त्याच फुकट बसने दोघं थेट शेंगेन नावाच्या खेड्यात जाऊन येतात. 1985 साली तिथे मोझेल नदीवरच्या एका बोटीवर सीमा खुल्या करण्याचा करार झाला. इतर लोक देवदर्शनाला कुलदैवताच्या गावी जातात; हे इथे येतात. नदीकाठी फोटो काढतात, पलीकडचा जर्मनी आणि बाजूचा फ्रान्स दोन्ही फ्रेममध्ये येतील असा.

फाल्सचा ट्रेकही असाच. तिथे नेदरलँड्स, बेल्जियम आणि जर्मनीच्या सीमा एका बिंदूला मिळतात, आणि देशाच्या युरोपातल्या भूमीवरची ती सर्वांत उंच जागा : 322 मीटर. तो ट्रेकिंगचे बूट घालून, पाठीवर सॅक लावून जातो. राजगड-तोरणा केलेला माणूस! मी सांगून पाहिलं की पुण्यातला लकडी पूलसुद्धा समुद्रसपाटीपासून यापेक्षा उंच आहे. पण तो तेव्हा बिंदूभोवती प्रदक्षिणा घालून एका मिनिटात तीन देश करण्यात गुंतला होता.

शेजारचे डच आजोबा दर उन्हाळ्यात कॅरॅव्हॅन जोडून फ्रान्समधल्या एकाच कॅम्पसाइटवर जातात आणि तीन आठवडे खुर्चीत बसून परत येतात. ॲमस्टेलवीनकरांना त्यांची खरोखर काळजी वाटते. “इतकी वर्षं, आणि देश एकच!” घरापासून सायकलच्या अंतरावर असलेलं ॲम्स्टरडॅमसे बोस हे अफाट वन मात्र दोघांनी अजून पाहिलेलं नाही. ते शीटमध्येच नाही. तिथे वेगळा देश लागत नाही.

तुमचं जाणं झालंच तर खुशाल त्यांच्याकडे जेवा. माणसं लाख मोलाची आहेत, आणि कढी फक्कड होते. फक्त जेवताना ‘यंदा कुठे?’ असं विचारू नका. विचारलंत, तर लॅपटॉप येईल, आणि तुमची शेवटची ट्राम चुकेल.