कथाबीजांना जाहीर पत्र : विरळणीबाबत

प्रति,
सर्व कथाबीजे (उगवलेली, करपलेली व अद्याप पिशवीत असलेली)
मुक्काम : कथाकाराची वही, छत्रपती संभाजीनगर

कथाबीज म्हणजे कथा नव्हे. रिक्षात कानावर पडलेले अर्धे वाक्य, पैठण गेटजवळ बंद शटरसमोर उगाच उभा राहिलेला माणूस, लग्नात न जेवता निघून गेलेली मावशी, एवढ्यावर कथाबीज तयार होते. कथेला त्यानंतर पात्रांचे वय, घर, कर्ज, बोली आणि शेवट लागतो. बीज फुकट मिळते, बाकीचे बसून करावे लागते. एका कथाकाराकडे अकरा बीजे आणि एकही पुरी कथा नाही, याचे मूळ कारण एवढेच. कथाकार स्वतः याला प्रतिभेचा ओघ म्हणतो.

साठवण्याची सवय मात्र त्याला शहराने लावली असावी. येथे नळाला पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येते त्या दिवशी पिंप, हंडे, बादल्या, अगदी पातेलीसुद्धा भरून ठेवतात आणि पुढच्या खेपेला त्यातले निम्मे शिळे म्हणून ओतून देतात. कथाकाराच्या वह्याही तशाच भरतात. फरक इतकाच, की वहीतले शिळे कोणी ओतून देत नाही.

बीजांची गर्दी वाढण्याचा हंगाम ठरलेला आहे. का. र. मित्र यांनी 1909 मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठी कथेला पंचांग मिळाले. पावसाळ्याच्या तोंडावर संपादकांची पत्रे येतात. कथाकार चौघांना होकार कळवतो, कारण होकार एका ओळीचा असतो आणि कथा चार हजार शब्दांची. गणपतीच्या सुमारास फोन येतो, ‘कुठवर आलंय?’ उत्तरही ठरलेले असते, ‘शेवटावर आहे.’ प्रत्यक्षात चारही कथा तिसऱ्या पानावर असतात.

या तिसऱ्या पानाचा नीट विचार व्हायला हवा. पहिल्या दोन पानांत पाऊस पडून जातो, सिडको बसस्थानकावरचा चहा होतो, नायकाचे बालपण आठवून होते. तिसऱ्या पानावर कोणीतरी काहीतरी करणे भाग असते आणि नेमके तेव्हाच नवे बीज दारात हजर होते. त्याचे दोष अजून दिसलेले नसतात, म्हणून ते जुन्यापेक्षा सरस वाटते. ही स्फूर्ती नसून रजेचा अर्ज आहे. तो कथाकारच लिहितो आणि कथाकारच मंजूर करतो.

हे दुखणे नवे नाही. हरि नारायण आपटे 1890 पासून ‘करमणूक’ साप्ताहिक चालवत होते, त्यातूनच क्रमशः कादंबऱ्या लिहीत होते आणि पुणे नगरपालिकेचा कारभारही पाहत होते. ‘पण लक्षात कोण घेतो?’ तडीस गेली; काही कादंबऱ्या मात्र अपुऱ्याच राहिल्या. भालचंद्र नेमाडे याच शहरातल्या विद्यापीठात शिकवत होते. त्यांची ‘कोसला’ 1963 ची, ‘बिढार’ 1975 ची, ‘जरीला’ 1977 ची, ‘झूल’ 1979 ची आणि ‘हिंदू’ 2010 ची. शेवटच्या दोहोंत एकतीस वर्षांचे अंतर आहे, पण त्यांचा नायक चांगदेव पाटील चार कादंबऱ्यांत मिळून एकच रान नांगरतो. नेमाडे कथा या प्रकारालाच दुय्यम मानतात, त्यामुळे या पत्राचा विषय त्यांच्या लेखी किरकोळच असेल.

अपुरे राहण्याचा दगडी पुरावा जिल्ह्यातच आहे. अजिंठ्याला तीस लेणी आहेत आणि त्यातली कित्येक अपुरी आहेत. चोविसाव्या लेण्याचा आराखडा मोठ्या विहाराचा होता. वाकाटकांची सत्ता ओसरली आणि छिन्नी थांबली. वेरूळचे कैलास लेणे मात्र आठव्या शतकात एकाच कड्यातून वरून खाली कोरत आणले. कळस आधी, पायथा शेवटी. म्हणजे शेवट ठरल्याशिवाय पहिला घाव घालताच आला नसता. अपुऱ्या लेण्याचा निदान अभ्यासकांना उपयोग होतो, कारण कोरण्याची रीत त्यातच उघडी पडते. अपुऱ्या कथेचा तोही उपयोग नाही.

उपाय शेताने केव्हाच सांगून ठेवला आहे. परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ दर मृगाला बजावते, की 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये. पहिल्या सरीवर पेरणाऱ्याच्या नशिबी दुबार पेरणी येते. कथाकार तर नुसत्या ढगावर पेरतो. आंतरपिकाला हरकत नाही. सोयाबीनच्या चार ओळींमागे तुरीच्या दोन ओळी घेतात. सोयाबीन शंभरेक दिवसांत निघते आणि तूर मागे उभी राहते. एक लांबणारी कादंबरी आणि तिच्या आडोशाला एखादी कथा, एवढे रान सोसते. अकरा पिके एकाच वाफ्यात कोणी घेत नाही. घेतलीच तर गवत कोणते आणि पीक कोणते, हे मालकालाही ओळखता येत नाही.

म्हणून विरळणी. कापसाच्या एका जागी दोन बिया टोकल्या असतील, तर रोपे तरारल्यावर अशक्त रोप उपटतात. ते वाईट असते म्हणून नव्हे, दुसऱ्याला जागा हवी म्हणून. त्याच न्यायाने सर्व कथाबीजांना कळविण्यात येते, की ज्याचे तिसरे पान ओलांडले गेले आहे त्याने वहीत थांबावे. इतरांनी आपापले नाव, तारीख आणि जास्तीत जास्त दोन ओळी नोंदवून मागच्या पानावर जावे. कोरडे बी टिकते. गणपती ते घटस्थापना या काळात नव्या बीजांनी रात्री अकरानंतर, विशेषतः कथाकार लिहायला बसला असताना, येऊ नये. दिवाळी झाल्यावर जरूर यावे.

कळावे.

प्रत माहितीसाठी : दिवाळी अंकांचे संपादक (चारही). कथा शेवटावर आहे.