चक्रवाढ काका

सोसायटीत कोणाकडे मुलगी झाली की पेढ्यांच्या आधी चक्रवाढ काका पोचतात. हातात 'सुकन्या समृद्धी'चा फॉर्म. "अभिनंदन वहिनी! दहा वर्षांची व्हायच्या आत खातं उघडावं लागतं बरं का," असं ते पाळण्याकडे बघून इतक्या काळजीनं सांगतात, की बाळाला उद्याच अकरावं लागणार असं वाटावं.

नाव मुलांनीच ठेवलेलं. खरं नाव लेटरबॉक्सवर आहे, पण ते फक्त कुरिअरवाला वाचतो. काका राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झाले. डोंबिवलीपासून कोथरूडपर्यंत दर दोन इमारतींमागे असे एक काका सापडतात. नोकरी सुटली, काउंटर सुटला नाही. पलीकडचे ग्राहक तेवढे आता पाच ते बारा वयोगटातले आहेत.

वाढदिवसाला लोक रुपया चिकटवलेलं पाकीट देतात. काका मुलाच्या नावानं १०१ रुपयांचा रेखांकित चेक देतात. मुलाचं खातं नसतं. ते उघडायला आईला अर्ध्या दिवसाची रजा टाकावी लागते, आणि त्या रजेचा हिशेब मात्र काका कधी मांडत नाहीत.

दहावा वाढदिवस त्यांच्या लेखी मुंजीहून मोठा. दहा वर्षं पुरी झालेल्या मुलाला स्वतःच्या सहीनं बचत खातं चालवू द्यायची मुभा रिझर्व्ह बँकेनं २०१४ साली बँकांना दिली, तेव्हापासून काका सहीची शिकवणी घेतात. तळमजल्यावरच्या पोरानं पानभर सह्या करून आणल्या. काकांनी चष्मा सरकवून सगळ्या तपासल्या आणि जुन्या सवयीनं म्हणाले, "सही जुळत नाही."

"कशाशी?" पोरगं रडकुंडीला आलं.

पण काकांचा खरा तास उन्हाळ्यात, गोळेवाला गेटवर आला की भरतो. मुलं वीस-वीस रुपये मुठीत धरून धावतात आणि काका मध्ये आडवे येतात. "पीपीएफचा दर किती?" सात पूर्णांक एक, हे पहिलीतल्या मुलीलाही पाठ. एप्रिल २०२० पासून तो कित्येक वर्षं हललाच नाही, म्हणून पाठांतर सोपं. "आता बहात्तराला दरानं भागा. दहाच्या आसपास. म्हणजे दहा वर्षांत दुप्पट! वीसाचे चाळीस, चाळीसाचे ऐंशी… पन्नास वर्षांनी सहाशेच्या वर!" गोळेवाला निर्विकारपणे बर्फ किसत असतो.

"पण काका, तेव्हा गोळा केवढ्याला असेल?"

महागाई हा विषय काकांनी पुढच्या सुट्टीसाठी राखून ठेवलेला.

"आणि दात असतील का?" दुसरीनं विचारलं. काकांची कवळी नवीन होती. ते बाजूला झाले आणि कालाखट्टा संपला.

"मोठेपणी कोण होणार?" हा प्रश्न बाकीचे लोक चहा येईपर्यंत वेळ काढायला विचारतात. काका उत्तरं वहीत उतरवतात. यूट्यूबर, क्रिकेटर, गायिका, सगळ्यांपुढे शेरा एकच: 'उत्पन्न अनिश्चित'. एका मुलीनं 'पाणीपुरीवाली' असं सांगितलं. "अहो, डॉक्टर व्हायचंय तिला," आई कानकोंडी होऊन म्हणाली. काकांचं पेन तोवर सुटलं होतं. दिवसाला इतक्या प्लेटा, तीस रुपयांनी इतके, त्यातून पुऱ्या, रगडा, गॅस वजा. सगळी रोकड, थकबाकी शून्य. महिन्याच्या बेरजेपाशी पेन थबकलं. कागदाची घडी खिशात गेली. त्या रात्री हे पेन्शनचं पासबुक उघडून बराच वेळ बसले होते, असं काकू सांगत होत्या.

परवा पहिल्या मजल्यावर उष्टावण होतं. बाळापुढे पुस्तक, लेखणी, अंगठी, खेळण्यातली तलवार मांडलेली. ज्याला आधी हात लावेल, ती त्याची उपजीविका. काकांनी कोणाचं लक्ष नाहीसं बघून एक जुनं पासबुक आत सरकवलं. बाळ सरपटत थेट तिथेच गेलं. काकांचे डोळे भरून आले. बाळानं पासबुक उचललं, तोंडात घातलं आणि शिलकीचा रकाना चावून काढला.

"अगं बाई, बँक खाल्ली यानं!" आजी ओरडल्या.

"असू दे, असू दे," काका म्हणाले, "सहकारात जाईल."