आरोग्य-माहिती मंडळात प्रवेश: इच्छुकांसाठी मार्गदर्शक सूचना

अमेरिकेत रुग्णालयांची कागदपत्रं सांभाळणाऱ्यांनी १९२८ साली स्वतःची संघटना काढली. आज तिथल्या कॉलेजांतून या पेशाकडे वळू पाहणाऱ्या मुलांची रीतसर मंडळं असतात. बुलडाणा जिल्ह्यातल्या होतकरूने मात्र असा फलक शोधत व्हरांड्यातून हिंडू नये. आपल्याकडे हे मंडळ वेषांतर करून राहतं. कधी ते एनएसएसचं युनिट असतं, कधी रेड रिबन क्लब, कधी नुसतीच ‘आरोग्य समिती’. नॅकची टीम येणार असली, की एकाच खोलीच्या दारावर या तिन्ही पाट्या लागतात. आत गेल्या वर्षीचे बॅनर गुंडाळून ठेवलेले असतात. त्यावरची तारीख बदलण्यापुरता पांढरा कागद आणि फेव्हिकॉल कपाटात असतो.

प्रवेशासाठी अर्ज करू नये, अर्ज कोणी वाचत नाही. कार्यक्रम अधिकारी सर मोटरसायकल लावत असताना समोर जाऊन ‘सर, काही काम असेल तर सांगा’ एवढंच म्हणावं. या वाक्याला मंडळाची घटना समजावं. सर दचकतील, कारण असं वाक्य त्यांनी बऱ्याच वर्षांत ऐकलेलं नसतं. त्यांनी संशयाने ‘मार्कांसाठी का?’ असं विचारलं, तर ‘नाही’ म्हणावं. मार्क मिळणार असतील तर ते ‘नाही’ म्हटल्यानेही मिळतात.

मुहूर्ताचा विचार करावा. २४ सप्टेंबर हा एनएसएसचा स्थापना दिन. १९६९ साली, गांधी शताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांतून ही योजना सुरू झाली, आणि त्या दिवशी कॉलेजात भाषण असतं. १ डिसेंबरला एड्स दिन, म्हणजे रॅली. १२ जानेवारीला राष्ट्रीय युवा दिन, पण आपल्या जिल्ह्यात तो आधी जिजाऊ जयंती असतो आणि अख्खा जिल्हा सिंदखेडराजाच्या रस्त्याला लागलेला असतो. तेव्हा त्या दिवशी मंडळाचा स्वतंत्र कार्यक्रम ठेवण्याच्या फंदात पडू नये. सगळ्यात चांगला काळ म्हणजे पावसाळा संपतानाचा. जूनमध्ये आलात तर हातात झाडू पडेल. ज्या विद्यापीठाला गाडगेबाबांचं नाव आहे तिथे झाडूबद्दल तक्रार करण्याची सोय नाही.

एकदा आत आलात, की पहिली परीक्षा फोटोची. मंडळाचा सगळा कारभार जिओटॅग फोटोवर चालतो. नॅकच्या तिसऱ्या निकषात संशोधनाच्या शेजारी विस्तारकार्य बसवलेलं आहे, आणि विस्तारकार्य झालं हे सिद्ध करायचं तर फोटोच्या खालच्या कोपऱ्यात अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ आणि छोटासा नकाशा उमटलेला हवा. त्यासाठीचं ॲप प्रत्येक सदस्याच्या मोबाइलमध्ये असतं. फोटोत उभं राहण्याची जागा पाहुण्यांच्या डाव्या खांद्यामागे. उजव्या खांद्यामागे प्राचार्य असतात. बॅनरचं टोक धरणाऱ्याचा चेहरा बॅनरमागे जातो, तेव्हा ते काम नवीन सदस्याला द्यावं, म्हणजे तूर्त तुम्हालाच.

इथे एका गोष्टीकडे होतकरूचं लक्ष वेधणं आवश्यक आहे. त्या फोटोवर बॅनर नेमका कुठे धरला होता, हे दशांश चिन्हापुढे सहा आकड्यांपर्यंत नोंदलेलं असतं. त्याच बॅनरच्या मागे, शाळेच्या व्हरांड्यात टेबल टाकून रक्तदाब तपासलेल्या म्हातारीच्या नावापुढे पत्ता लिहिलेला असतो: ‘देऊळगाव’. कोणतं देऊळगाव? राजा, मही, साकर्शा की घुबे? चारही आपल्याच जिल्ह्यात. पहिली दोन देऊळगाव राजा तालुक्यात, तिसरं मेहकर तालुक्यात, चौथं चिखली तालुक्यात. उद्या तिचा अहवाल वाईट निघाला तर आशाताईंनी चारही देऊळगावांच्या पारांवर जाऊन ‘त्या पार्वताबाई कोण?’ असं विचारत फिरावं, अशी अपेक्षा असावी. बॅनर मात्र कुठेही हरवणार नाही.

होतकरूला जर खरोखरच या क्षेत्रात नाव काढायचं असेल (सरांना ही महत्त्वाकांक्षा सांगू नये, ते पुढच्या रॅलीत तुम्हाला ध्वनिक्षेपकाच्या रिक्षात बसवतील), तर फोटोच्या वेळी त्याने त्या टेबलामागे जाऊन बसावं. तिथे गर्दी नसते. एक रजिस्टर असतं, एक अर्धवट चालणारं पेन असतं आणि आरोग्य उपकेंद्राच्या सिस्टर असतात, ज्यांना तुमचं येणं म्हणजे साक्षात देव भेटल्यासारखं वाटतं. हेच आरोग्य-माहितीचं करिअर. सुरुवातीपासून शेवटपर्यंत हेच आहे, पुढे खुर्ची तेवढी बदलते.

आता आभा कार्डाचं शिबिर. हा मंडळाचा प्रमुख सण. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालं. त्यात प्रत्येकाला १४ अंकी आरोग्य क्रमांक मिळतो, आणि तो काढायला आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. इथपर्यंत योजना सोपी आहे. पुढे आजी येतात.

‘आजी, वय किती?’

‘बहात्तरच्या दुष्काळात लगन झालं माहं. तवा पंधराची असन.’

हिशेब करावा. १९५७ च्या आसपासचा जन्म. आधार कार्ड उघडावं. त्यावर १ जानेवारी १९५०.

‘आजी, आधारवर तर वेगळंच आहे.’

‘थे त्या पोरानं लिवलं. मले कोनं इचारलं?’

जिल्ह्यातल्या एका पिढीचा वाढदिवस १ जानेवारीला येतो, याची सवय करून घ्यावी. यंत्र आधारचंच ऐकतं, म्हणून आभाला १९५० द्यावं आणि वाद घालू नये. मग ओटीपी पाठवावा. ओटीपी जातो. आजींच्या हातात फोन नसतो.

‘पोरगा चाकणले हाय. फोन त्याच्यापाशी.’

मुलगा चाकणच्या कारखान्यात शिफ्टवर असतो आणि लाइनवर फोन नेता येत नाही. चहाच्या सुट्टीत तो परत फोन लावेपर्यंत ओटीपीचा जीव गेलेला असतो. अशा वेळी मंडळाचा सामान्य सदस्य ‘आजी, पुढच्या वेळी या’ म्हणतो आणि पुढचं नाव पुकारतो, कारण संध्याकाळी ग्रुपवर किती कार्डं निघाली हा आकडा टाकायचा असतो. आकडा चांगला आला तर अंगठे येतात. होतकरूने काय करावं? वहीच्या शेवटच्या पानावर आजींचं नाव, गाव पुऱ्या शेपटीसकट, मुलाचा नंबर आणि त्याची चहाची वेळ लिहून ठेवावी. चार वाजता परत लावावा. कार्ड निघेल. मात्र तोवर फोटोग्राफर गेलेला असतो, याची नोंद घ्यावी.

कार्ड निघालं तरी बाई एकच आहे हे यंत्राला पटवणं वेगळंच काम आहे. आधारवर पार्वताबाई, जुन्या केस पेपरवर पारबता, मतदार यादीत पार्वती. संगणकाच्या दृष्टीने या तीन बायका, आणि तिघींनाही दर वेळी पहिल्यांदाच रक्तदाब निघतो. गोळ्या सुरू असून फरक का नाही, असं डॉक्टर विचारतात, तेव्हा समोरची बाई चौथी असते.

एवढं झाल्यावर थोडा रुबाब दाखवायला हरकत नाही. त्यासाठी रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातले दोन-चार कोड पाठ करावेत. दहाव्या आवृत्तीत विषारी साप एक्स २०, विंचू एक्स २२, कुत्रा चावला तर डब्ल्यू ५४, मगरीने धरलं तर डब्ल्यू ५८. मगरीचा आपल्या तालुक्यांत फारसा उपयोग नाही, पण मुलाखतीत परिणाम उत्तम होतो. अवकाशात वजनरहित अवस्थेत फार काळ राहिल्यास एक्स ५२ असा कोडही आहे. लोणारवर पुन्हा अशनी पडून कोणी जखमी झालंच, तर स्वतंत्र कोड शोधत बसू नये, ‘वरून पडणारी वस्तू लागणे’ या डब्ल्यू २० मध्ये सध्या भागवावं. १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा पाडणारी वस्तू त्या खान्यात बसते का, हा प्रश्न पडणारा विद्यार्थी या धंद्यात टिकेल.

मृत्यूच्या कारणाविषयी मात्र विनोद करू नये, तो आधीच झालेला असतो. रुग्णालयात मृत्यू झाला की नमुना ४ भरायचा असतो, आणि कारणाच्या ओळीत पुष्कळदा ‘हृदयक्रिया बंद पडल्याने’ असं लिहून मोकळं होतात. हृदय सगळ्यांचंच बंद पडतं. ते बंद का पडलं, हे त्या ओळीत हवं असतं. साप, कीटकनाशक, बाळंतपण, सिकलसेल हे सगळे त्या एका वाक्याखाली झाकले जातात आणि वर पाठवायच्या तक्त्यात अख्खा तालुका हृदयविकाराचा दिसतो.

आता जिल्ह्याने घेतलेल्या सर्वांत मोठ्या तोंडी परीक्षेकडे वळू. डिसेंबर २०२४ च्या शेवटी आणि जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस मुठीत येऊ लागले आणि काही दिवसांत टक्कल दिसू लागलं. चॅनेलवाले आले. ‘टक्कल व्हायरस’ हे नाव एखाद्या प्रयोगशाळेने नव्हे, तर त्यांनी ठेवलं. आधी शाम्पूवर संशय गेला, मग बुरशीवर, मग पाण्यातल्या नायट्रेटवर. आयसीएमआरची पथकं आली. पुढे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. विंचूदंशावरच्या कामामुळे जगाला माहीत असलेले हे डॉक्टर, म्हणजे आपला एक्स २२ त्यांच्याच खात्यावर समजा. मग काहींची नखंही गळू लागली.

त्या आठवड्यांत जिल्ह्यातल्या कॉलेजकुमारांचं योगदान पाहण्यासारखं होतं. प्रत्येकाने किमान एक व्हिडिओ पुढे पाठवला. शाम्पूचं नाव कोणी कंपनीनिशी सांगितलं, पाण्याचा रंग कोणी मोबाइलच्या टॉर्चने तपासला. मंडळाच्या दृष्टीने खरं काम एकच होतं आणि ते फार कंटाळवाणं होतं: लाइन लिस्ट. घरोघर जाऊन एकेका ओळीत लिहायचं. नाव, वय, गाव, केस गळायला कोणत्या दिवशी लागले, आधी डोक्याला खाज होती का, पाणी बोअरचं की नळाचं, गहू शेतातला की रेशनचा, रेशन कोणत्या दुकानाचं, घरात अजून कोणाचे गेले, आणि कोणाचे गेले नाहीत. शेवटचा रकाना सगळे विसरतात. ज्यांचे केस शाबूत आहेत त्यांच्या दारात जाऊन ‘तुम्ही काय खाल्लं?’ विचारणं हास्यास्पद वाटतं खरं, पण त्यांच्याशिवाय तुलना कशाशी करणार? गव्हावर संशय घ्यायचा तर कोणत्या घरात कोणता गहू दळला, हे आधी कोणीतरी निळ्या पेनाने लिहून ठेवलेलं लागतं. अनेकांनी लाजेपोटी मुंडण करून टाकलं होतं. अशा दारात कॅमेरा घेऊन गेलात तर दार लागतं, वही घेऊन गेलात तर निदान खाट टाकून बसवतात.

रॅली काढायची असल्यास या प्रसंगी काढू नये. ‘टक्कल हटाव’ अशी घोषणा कोणी सुचवली, तर तिथेच सभा तहकूब करावी.

करिअरचं थोडक्यात. २०२१ च्या सहयोगी आरोग्यसेवा व्यवसायांच्या केंद्रीय कायद्यात आरोग्य माहिती व्यवस्थापन हा स्वतंत्र गट आहे, तेव्हा घरी दाखवायला कायदा आहे. बुलडाण्यात २०२४ पासून १०० जागांचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, आणि जिथे डॉक्टर घडतात तिथे फायलींचे ढीगही घडतात. वैद्यकीय कोडिंगचं काम पुण्या-हैदराबादेत मिळतं. जिल्ह्यातच राहायचं तर डाटा एंट्री ऑपरेटरची कंत्राटी जागा. करार अकरा महिन्यांचा, मानधनाची तारीख अनिश्चित, पोर्टल रात्री अकरानंतर चांगलं चालतं. ‘म्हणजे डॉक्टर का?’ असं पाहुणे विचारतील. ‘नाही, डॉक्टरांचं अक्षर वाचतो,’ असं सांगावं. लग्नाच्या बायोडाटात ‘आरोग्य विभाग’ एवढंच लिहावं, मुलीकडचे बाकीचं समजून घेतात आणि मग दुसऱ्या दिवशी आपल्याच भावकीत फोन करून खात्री करतात.

वर्षअखेरीस प्रमाणपत्र मिळतं. एनएसएसचे वर्षाचे १२० तास भरल्याची नोंद त्यावर असते, त्यात रॅलीतला नाश्ताही मोजलेला असतो. प्रमाणपत्र हातात पडताच लॅमिनेशनच्या दुकानाकडे धावू नये. आधी नाव वाचावं, मग वडिलांचं नाव, मग आडनाव, मग जन्मतारीख. तुमचीही १ जानेवारी पडलेली असू शकते. चूक निघाल्यास कार्यालयात दुरुस्तीचा साधा अर्ज, सोबत आधारची झेरॉक्स, टीसीची झेरॉक्स आणि कार्यक्रम अधिकारी सरांची सही. अर्ज तीन ते चार या वेळात घेतले जातात. बाबू जागेवर नसल्यास गेटसमोरच्या टपरीवर पाहावं, पण तिथे अर्ज पुढे करू नये. चहा संपेपर्यंत थांबावं आणि पैसे आपण द्यावेत.