वर्गमुळाची रेघ

समीकरण ही सनद आहे, तीत येऱ्यागबाळ्याने खाडाखोड करू नये, अशी माझी धारणा असल्यामुळे, निवृत्तीनंतर टिपणे संगणकावर उतरविण्याची तजवीज झाली तेव्हा, मजकूर टंकावा, समीकरणे मात्र मी स्वहस्ते लिहावीत आणि त्यांची छायाचित्रे मध्ये डकवावीत, असा हुकूम मीच सोडला. कारण उघड होते. आमच्या तात्यापारा वस्तीत माझ्या विद्वत्तेविषयी मतभेद असले, तरी पट्टी न लावता ओढलेल्या माझ्या वर्गमुळाच्या रेघेविषयी दुमत नव्हते.

समीकरणही टंकता येते हे दाखवायला भाचीने वर्डमध्ये आल्ट आणि बरोबरीचे चिन्ह ही बटणे एकत्र दाबून चौकट उघडली, अंश कंसात टंकला, तिरकी रेघ देऊन छेद लिहिला आणि स्पेस देताच आडवी रेघ पडून कंस आपोआप नाहीसे झाले. कंस सोडविण्यात ज्याची हयात गेली, त्याच्यासमोर हे करायचे?

येथे भास्कराचार्यांना आणल्यावाचून माझ्याने राहवत नाही (घरची मंडळी या ठिकाणी उठून जातात). 1150 मध्ये सिद्धान्तशिरोमणी रचणाऱ्या त्या पुरुषाने लीलावतीतील गणित श्लोकांत सांगितले. त्या परंपरेत अपूर्णांकाचा अंश वर, छेद खाली, मध्ये रेघच नाही, आणि ऋण संख्येच्या डोक्यावर नुसते टिंब. उलट संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांना 1977 साली आपल्या ग्रंथाची मुद्रिते पाहून असा विषाद झाला, की त्यांनी अक्षरजुळणीची टेक् ही प्रणालीच निर्माण केली. नूथ यांच्याशी माझे गोत्र जुळते, असे मी मनाशी धरून होतो.

पुढे टिपणे नेणाऱ्यांत एक मुलगा दृष्टिहीन निघाला. त्याचा संगणक मजकूर वाचून दाखवी आणि जेथे माझी रेघ, तेथे ‘पिक्चर’ एवढेच म्हणून पुढे जाई. “सर, इथं काय आहे?” हे त्याने दर पानावर विचारले, तक्रारीचा सूर न लावता. श्लोकातले गणित निदान कानाने शिकता येत होते. माझे देखणे गणित मुके होते.

भाचीने सगळी समीकरणे चौकटीत टंकली. आता यंत्र ‘स्क्वेअर रूट’ म्हणते, आतले सारे वाचते आणि ‘एंड रूट’ म्हणून मोकळे होते. परवा त्या मुलाने फाइल परत धाडली, ती माझ्या उकलीतील दोन पायऱ्या अनावश्यक म्हणून गाळून. मी ताळा पाहिला. उत्तर बरोबर येते. त्या पायऱ्या मी पुन्हा घातल्या आहेत.