पाच पंचे पंचवीस, वजा पाय

शरीर कमावण्याचा जगातला सगळ्यात सोपा आराखडा एसटीच्या तिकिटामागे मावतो. आठवड्यातून तीन दिवस, एकाआड एक. पहिल्या दिवशी स्क्वॉट, बेंच प्रेस आणि रोइंग. दुसऱ्या दिवशी स्क्वॉट, उभं राहून डोक्यावर प्रेस आणि डेडलिफ्ट. तिसऱ्या दिवशी पुन्हा पहिला. प्रत्येकाचे पाच-पाचचे पाच सेट, डेडलिफ्टचा मात्र एकच, कारण तो एक पुरतो. पाचही सेट पूर्ण झाले की पुढच्या वेळी रॉडवर अडीच किलो जास्त. संपलं. इंग्लंडच्या रेग पार्कने १९६० साली पुस्तिकेत छापलेल्या 'पाच गुणिले पाच'चं हे आजचं रूप. हा गृहस्थ १९५१, १९५८ आणि १९६५ असा तीनदा मिस्टर युनिव्हर्स झाला, पडद्यावर हर्क्युलिस झाला, आणि ऑस्ट्रियातल्या एका पोराने त्याला दैवत मानलं. त्या पोराचं नाव आर्नोल्ड श्वार्झनेगर.

आता हा आराखडा घेऊन ठाणे, पिंपरी, नाशिक, कुठल्याही जिममध्ये शिरा. रॉडला हात लागायच्या आत त्यात दुरुस्त्या येतात. पहिली दुरुस्ती पाय वगळण्याची. सोमवारी चेस्ट, मंगळवारी बायसेप, बुधवारी सोमवारची चेस्ट नीट लागली नाही म्हणून पुन्हा चेस्ट. पाय गुरुवारी. गुरुवारी उपवास असतो. शुक्रवारी ऑफिसात उशीर होतो, शनिवारी बायसेप राहिलेले असतात आणि रविवारी जिम बंद. हे चक्र वर्षभर फिरलं की जे शरीर घडतं ते कंबरेच्या वर मुंबई श्री आणि कंबरेखाली इयत्ता आठवी.

जे थोडे लोक पाय मारतात, ते रॉडवर शंभर किलो चढवतात आणि बस आली का बघायला वाकावं तितकेच खाली जातात. विचारलं तर उत्तर तयार असतं, 'पूर्ण बसलं की गुडघे जातात.' हे सांगणाऱ्याची आजी सत्तरीपर्यंत अंगण सारवायला उकिडवी बसत होती, तिचे कुठे गेले ते कोणी विचारत नाही. टाचा जमिनीवर ठेवून, सांभाळता येईल त्या वजनाने मांड्या जमिनीला समांतर होईपर्यंत बसलं तर निरोगी गुडघ्यांना काही होत नाही. त्यांना त्रास होतो तो ऐंशी झेपत नसताना शंभर घेतल्यावर. सुरुवात रिकाम्या रॉडने करा, असं आराखड्यात स्वच्छ सांगितलेलं असतं, आणि तो रिकामा रॉडही वीस किलोचा असतो. पण रिकाम्या रॉडसोबत फोटो कोण काढणार?

बेंचवरचा प्रकार मात्र पाहण्यासारखा असतो. संध्याकाळी सातची वेळ. एक तरुण आडवा झालेला, मनगटांना पट्टे, कंबरेला डेडलिफ्टचा चामडी बेल्ट. डोक्याशी मित्र उभा. रॉड खाली येतो, छातीवर टेकतो आणि तिथेच मुक्काम करायचं ठरवतो. मित्र दोन्ही हातांनी रॉड पकडतो, गुडघ्यांत वाकतो, मानेच्या शिरा तट्ट फुगवून उचलायला लागतो आणि ओरडतो, 'तुझाच आहे! सगळा तुझाच आहे भावा! अजून दोन!' रॉड वर जातो, खाली येतो, परत वर जातो. सेट संपतो तेव्हा आडव्या माणसाच्या छातीचा निम्मा आणि उभ्या माणसाच्या पाठीचा पूर्ण व्यायाम झालेला असतो. मोबाइलवर नोंद होते, 'ऐंशी किलो, पाच.' खरं तर हे पाच दोघांत वाटून घ्यायला हवेत. पुढच्या वेळी रॉडवर पंच्याऐंशी चढतात, आणि महिन्याभराने तरुण ट्रेनरकडे तक्रार घेऊन जातो, 'सर, चेस्ट वाढत नाहीये. बहुतेक प्रोग्रॅमच चुकीचा आहे.'

इथे थोडं गणित करू. वीस किलोचा रॉड, दर वेळी अडीच किलो, आठवड्याला तीन वेळा. आठवड्याचे साडेसात, वर्षाचे तीनशे नव्वद. म्हणजे या गुढीपाडव्याला रिकाम्या रॉडने सुरुवात केलेला माणूस पुढच्या पाडव्याला चारशे दहा किलो खांद्यावर घेऊन बसला पाहिजे. तो बसत नाही, हे आराखडा लिहिणाऱ्यांनाही माहीत आहे. म्हणूनच अडकणं ही दुर्घटना नसून वेळापत्रकातलं स्टेशन आहे, आणि तिथे काय करायचं तेही ठरलेलं आहे. एकाच वजनावर तीन वेळा पाच सेट पूर्ण झाले नाहीत, तर वजन दहा टक्के कमी करायचं आणि पुन्हा चढत यायचं. ऐंशीवर अडलात, तर बहात्तर. दुसऱ्या फेरीत बहुतेक जण ऐंशीच्या पुढे जातात.

पण ऐंशीवरून बहात्तरला यायचं म्हणजे काय, हे मराठी पुरुषाला विचारा. पोरं काय म्हणतील? शेजारच्या बेंचवरचा काय म्हणेल? तो काहीही म्हणत नसतो, आरशात स्वतःचे दंड बघत असतो, पण हे कोणाला पटत नाही. बहात्तरवर येण्यापेक्षा आराखडाच बदलणं अब्रूला बरं. रात्री झोपेच्या वेळेत रील बघितल्या जातात. तिथे एक पिळदार माणूस सांगतो की स्नायूंना सवय लागू द्यायची नाही, त्यांना सतत गोंधळात ठेवायचं. स्नायूंना गोंधळ कळत नाही, त्यांना ताण कळतो. गोंधळ होतो तो वहीचा. मागच्या वेळी किती उचललं हेच ठाऊक नसेल तर या वेळी किती वाढवायचं ते कसं ठरणार? जानेवारीत पाच गुणिले पाच, फेब्रुवारीत पुश-पुल-लेग्ज, त्यातलं लेग्ज मार्चमध्ये गळतं, एप्रिलमध्ये लग्नं. आणि हा सगळा प्रवास झोप साडेपाच तासांवर आणून केलेला असतो.

दुसऱ्याच आठवड्यात आरशासमोर उभं राहून 'काही फरक नाही' म्हणणाऱ्यांसाठी एक माहिती. पहिल्या काही आठवड्यांत वाढणारी ताकद ही मुख्यतः मज्जासंस्थेची करामत असते. आहेत तेच स्नायू अधिक नीट कामाला लावायला ती शिकते. दंड मागाहून भरतात. शर्टाची बाही मात्र दुसऱ्याच आठवड्यात दुमडायला सुरुवात होते.

अंग आंबण्याचंही असंच. नवा व्यायाम केला की एक-दोन दिवसांनी मांड्या भरून येतात, जिना उतरताना कठड्याला धरून देवाचं नाव घ्यावं लागतं, आणि चार दिवसांत सगळं निवळतं. तोच व्यायाम चालू ठेवला की दुखणं कमी होतं, वाढ कमी होत नाही. आपल्याकडे मात्र दुखणं ही पोचपावती समजली जाते. दुखलं नाही तर फी वाया. मग 'लागलं पाहिजे' म्हणून पन्नास सेट मारले जातात. गंमत अशी, की सांध्यात कळ आली, पायात मुंग्या उतरल्या, तर तेच लोक 'होतं असं' म्हणत डेडलिफ्टला उभे राहतात. तेव्हा डॉक्टरकडे जायचं असतं. आणि अतिरेकी व्यायामानंतर लघवी कोलासारखी गडद झाली, तर लगेच दवाखान्यात, कारण तुटलेल्या स्नायूंचा माल मूत्रपिंडावर आलेला असतो. हे वाक्य विनोदी नाही, सदरात असलं तरी.

खाण्याकडे वळू. स्नायू वाढवायला दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे १.६ ग्रॅम प्रथिनं पुरतात, त्यापुढे फारसा लाभ दिसत नाही. सत्तर किलोच्या माणसाला ११२ ग्रॅम. एका वाटी वरणात सहा-सात ग्रॅम. म्हणजे निव्वळ वरणावर मिस्टर युनिव्हर्स व्हायचं तर दिवसाला सतरा वाट्या, वर तूप वेगळं. अंडी, पनीर, दही, मासे, चिकन, पन्नास ग्रॅम कोरडे सोया चंक्स (त्यात पंचवीस ग्रॅमच्या आसपास), असं जमवत आणलं तर आकडा घरच्या स्वयंपाकघरातच गाठता येतो. पण ट्रेनरच्या टेबलावर भला मोठा डबा असतो. आत काय, तर चीज करताना उरणारं पाणी गाळून, वाळवून केलेली भुकटी. अस्सल असेल तर चांगली वस्तू आहे, सोयीची आहे, जादू नाही. डबा घेणारा मात्र ती चमचाभर जादू समजून घेतो आणि गुरुवारी साबुदाण्याची खिचडी खातो. त्या खिचडीत प्रथिनं असतात ती शेंगदाण्याच्या कुटाची. साबुदाणा बिचारा निव्वळ पिठूळ.

विश्रांतीचा आठवडाही आराखड्यांत लिहिलेला असतो. काही आठवडे जोर लावला की एक आठवडा वजन आणि सेट कमी करायचे, म्हणजे साचलेला शिणवटा उतरतो. हा आठवडा कोणी घेत नाही. 'मसल जाईल' अशी भीती असते. मात्र श्रावण, गणपती, नवरात्र, दिवाळी, मामेभावाची हळद, क्रिकेटचे सामने आणि भर पावसाळ्यातलं सर्दी-पडसं यांतून जी सक्तीची विश्रांती जमा होते, तिची बेरीज केली तर वर्षातले चार महिने स्नायूंना हवापालट आहे. तेव्हा मसल जात नाही, कारण यायचीच राहिलेली असते.

मनोहर आईच यांची गोष्ट या मंडळींना सांगावी. उंची चार फूट अकरा इंच. ब्रिटिश हवाई दलात असताना गोऱ्या अधिकाऱ्याला थोबाडीत मारली म्हणून तुरुंगात गेले आणि तिथे कसलंही साहित्य नसताना तासन्‌तास व्यायाम करत राहिले. १९५२ साली आपल्या गटात मिस्टर युनिव्हर्स झाले, आणि १०४ वर्षं जगून २०१६ साली वारले. तुरुंगात जायचा सल्ला आम्ही देत नाही. पण तिथे रील नव्हत्या, 'सर, हा प्रोग्रॅम मला सूट होत नाही' म्हणायला सर नव्हते, आणि गुरुवार टळला तरी शुक्रवारी तीच कोठडी होती.

ज्यांना एवढाही धीर नाही त्यांच्यासाठी जिमच्या मागच्या खोलीत 'कोर्स' असतो. सुई टोचून घ्यायची, आठवड्यात बाही फाटते. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की शरीर आपलं तयार करणं थांबवतं, अंडकोष आकसतात, चांगलं कोलेस्टेरॉल घसरतं, हृदयाच्या भिंती जाड होतात. दंडासोबत वाढलेला हा एकमेव स्नायू कोणी फोटोत दाखवत नाही.

आणि हा पाच पंचे पंचवीसचा आराखडा शब्दशः पाळणारं कोणी आहेच का? आमच्या जिममध्ये आहे. दुपारी चारला, गर्दीच्या आधी, एक काकू येतात. सलवार-कुर्ता, रबर लावलेली दोनशे पानी वही, वहीत खोचलेलं पेन. पहिल्या दिवशी ट्रेनरने त्यांच्या हातात एक किलोची गुलाबी डंबेल्स दिली होती. त्यांनी ती मुकाट जागेवर ठेवली आणि रॉडखाली गेल्या. तारीख, वजन, पाच, पाच, पाच, पाच, चार. चार आले की पुढच्या वेळी तेच वजन. पंचावन्नवर तीनदा अडल्या, पन्नासवर आल्या, कोणाकडेही न बघता पुन्हा चढल्या, आता साठ खांद्यावर घेऊन मांड्या समांतर होईपर्यंत बसतात. त्यांच्याकडे कोणी बघत नाही, कारण त्यांचे बायसेप दिसत नाहीत.

त्यांची अडचण एकच, आणि ती आराखड्यातली नाही. जिममधली सगळ्यात लहान प्लेट अडीच किलोची. दोन्ही बाजूंना लावली की थेट पाच किलो वाढतात. स्क्वॉटला चालून जातं, पण डोक्यावरचा प्रेस पंचवीसवरून एकदम तीसवर नेणं म्हणजे पाचवा हिस्सा वजन एका दिवसात वाढवणं. ते कोणालाच जमत नाही, बेंचवरच्या तरुणालाही नाही, फक्त त्याला उचलून द्यायला मित्र आहे. काकूंनी मालकांना सव्वा किलोच्या दोन प्लेटा मागितल्या. मालक म्हणाले, 'काकू, तुम्हाला कशाला वजन वाढवायचंय?' पुढच्या महिन्यात जिमला नवे स्पीकर आणि छतभर निळे दिवे लागले. काकू सध्या पायाला बांधायच्या अर्ध्या-अर्ध्या किलोच्या वाळूच्या पट्ट्या पिशवीतून आणतात, रॉडच्या दोन टोकांना गुंडाळतात आणि सव्वीस किलो डोक्यावर नेतात.

मालक, एका सभासदाच्या महिन्याच्या फीत सव्वा किलोच्या दोन प्लेटा येतात. त्या आणा. निळे दिवे छान आहेत.